दसऱ्याचं सिक्स बाय सिक्स

सौ. गोदूबाई महिपत घाग, वय वर्षे सत्तावन्न, राहणार मोहने, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे. वर्ण सावळा, उंची मध्यम. ओळखखूण: हनुवटीवर गोंदणाचा एक ठिपका. सदर महिलेच्या दोन्ही नेत्रांची आज रोजी, विजयादशमीच्या सुमुहूर्तावर, खाली सही करणाराने समक्ष तपासणी केली असता उजव्या नेत्राची दूरदृष्टी सिक्स बाय सिक्स व डाव्या नेत्राची दूरदृष्टी सिक्स बाय सिक्स अशी आढळून आली. जवळच्या कामासाठी चष्मा आहे, तो पुरेसा आहे. सबब नंबरात बदल नाही. शेरा: उत्तम. दिनांक १५ ऑक्टोबर २०२१. सही, म. तु. घाग, नेत्रतपासनीस.

नेत्रतपासनीस हे पद महिपत घागनं स्वतःच निर्माण केलं होतं आणि स्वतःच भरलं होतं. शिक्षण अकरावी नापास. वडील गुहागराकडून रेयॉनच्या कारखान्यात आले, त्यामुळे महिपत मोहन्यातच वाढला. कल्याणात एका चष्म्याच्या दुकानात तो आधी काचा पुसायला लागला, मग काचा घासायला, मग नंबर काढायला. या दोन बढत्यांना एकोणीस वर्षं लागली. त्यानंतर त्यानं मोहन्यात स्वतःचा गाळा घेतला. गाळा सात फूट रुंद आणि वीस फूट लांब. आधी तिथे कोंबडीखाद्याचं गोदाम होतं, आणि असला बोळ माणसाला कशाला लागेल या विचारानं गाळ्याचा मालक काळुराम यानं तिथे झाडूसुद्धा मारला नव्हता. महिपतला बोळच हवा होता. नंबर काढताना माणूस आणि तक्ता यांच्यामध्ये वीस फूट लागतात. बाकीचे दुकानदार आरसा लावून दहा फुटांचे वीस करतात. महिपतकडे खरे वीस होते, आणि त्याचा त्याला, बाकी कशाचा नसेल, एवढा अभिमान होता.

बोळाच्या एका टोकाला तक्ता. लाकडी पेटी, पुढे दुधी काच, काचेवर सात ओळी मराठी अक्षरं, मागे ट्यूब. दुसऱ्या टोकाला एक लोखंडी स्टूल. स्टुलाच्या वर भिंतीवर महिपतनं स्वतः रंगवलेली पाटी: चाळिशीनंतर डोळ्यांचे प्रेशर तपासून घ्या.

दुपारी बारा वाजता गोदूबाई डबा घेऊन येई आणि त्या स्टुलावर बसे, कारण गाळ्यात बसायला दुसरी जागा नव्हती. महिपत जेवेपर्यंत ती समोर बघत राही. समोर तक्ता होता. घरासमोरच्या गिरणीची पाटी जशी माणसाला न वाचता येत असते, तसा तो तक्ता तिला येऊ लागला. वर एकटा मोठा ट. खाली ग आणि फ. त्याखाली न, प, र. आणि असं करत करत शेवटची ओळ, जिथे बाकीच्यांना मुंग्या दिसत.

महिपत नंबर काढता काढता व्याख्यान देई. विनिता, म्हणजे त्याची मुलगी, बी.एस्सी. करत असताना तिच्या पुस्तकातलं एक प्रकरण त्यानं तिच्याकडून मराठीत समजून घेतलं होतं. ती पुढे लग्न होऊन डोंबिवलीला गेली, एका क्लासमध्ये शिकवू लागली, आणि ते प्रकरण बहुधा विसरलीही. महिपत विसरला नाही.

“आपण बघतो, असं आपल्याला वाटतं,” गिऱ्हाइकाच्या नाकावर लोखंडी चौकट चढवत तो म्हणे. “आपण काय बघणार? आपण नुसते बसलेले असतो. येतात ते कण. उजेडाचे. सूर्यावरनं निघाले की आठ मिनिटांत मोहन्यात. त्या पांढऱ्या काचेवरनं निघतात, तुमच्या बाहुलीतनं आत शिरतात, मागच्या पडद्यावर आपटतात. तिथे एक रेणू वाकून बसलेला असतो. गाजरातलं अ जीवनसत्त्व असतं ना, त्याच्याच घरातला. कण आपटला की तो सरळ होतो. बस. एवढंच. सगळं जग त्या एका सरळ होण्यावर चाललंय. आता हे स्पष्ट, की हे?”

“पहिलं,” गिऱ्हाईक म्हणे.

काळुराम मात्र ऐकून घेणाऱ्यांतला नव्हता. तो इथला पिढीजात भूमिपुत्र. त्याच्या बापाची भातशेती होती तिथे आता सात मजले उभे होते, आणि काळुराम दिवसभर या नाहीतर त्या गाळ्यात बसून भाडेकरूंचं मनोरंजन करत असे.

“महिपत, तुजे कन र्‍हाऊं दे,” तो चौकटीतून डोळे मिचकावत म्हणे. “मना फकस्त सांग, नंबर वारला का नाय?”

“काळूशेठ, काळ्याकुट्ट अंधारात एक कण आला, एकटा, तरी आतली एक पेशी जागी होते. तुमच्या दारात दहा माणसं आली तरी तुम्ही उठत नाही.”

“ती मीटर वाचाया येतात. कोन उठंल?”

यावर गोदूबाई पदर तोंडाला लावून हसे. व्याख्यान तिनं शेकडो वेळा ऐकलं होतं. विनिताकडे गेली की ती नातीला सांगे, “तुझे आजोबा लोकांना कण दाखवतात.”

आता दसऱ्याचं. दसऱ्याला सुतार करवतीची पूजा करतो, शिंपी मशीनची. महिपत काचांच्या पेटीची, चौकटीची, टॉर्चची आणि तक्त्याची करत असे. पेटीतल्या दोनशेहून अधिक काचा आदल्या दिवशी पुसून मांडायच्या, तक्त्याला झेंडूचं तोरण, रजिस्टरला हळदकुंकू. आणि पूजा झाली की वर्षाची भवानी गोदूबाईच्या डोळ्यांनी व्हायची. गाळा घेतला त्या पहिल्याच दसऱ्याला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून त्यानं तिलाच स्टुलावर बसवलं होतं. दोन्ही डोळे सिक्स बाय सिक्स निघाले. तासाभरात चार गिऱ्हाइकं आली. तेव्हापासून ते ठरूनच गेलं. तपासणीची नोंद रजिस्टरच्या मागच्या पानांवर वेगळी, निळ्या शाईच्या पेनानं, आणि भाषा अशी की पंचांसमोर उभं करून लिहिल्यासारखी. महिपतचे मामा तलाठ्याच्या हाताखाली होते. लहानपणी त्यांचं लिहिणं बघून ‘सबब’ हा शब्द त्याच्या मनात बसला होता, आणि तो वापरायला त्याला आयुष्यात दुसरी जागा मिळाली नव्हती.

अशा पंधरा नोंदी. पंधराव्या नोंदीचा उतारा वर दिला आहे.

त्या दसऱ्याला सकाळी नऊच्या सुमाराला काळुराम आपट्याची पानं घेऊन दाराशी आत येऊन बसला होता. पूजा झाली. महिपतनं शटर पार खाली ओढलं, गाळ्यातला दिवा मालवला. गोदूबाई नवी हिरवी साडी नेसून स्टुलावर बसली होती. आधी उजवा डोळा, मग डावा, हा क्रम तिला सांगावा लागत नसे. तिनं डाव्या डोळ्यावर तळहात घट्ट धरला. महिपत छडी घेऊन तक्त्यापाशी गेला, नेहमीसारखा तक्त्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि बटण दाबलं.

टक्‌ आवाज झाला. ट्यूब लागली नाही. तोरण बांधताना मागची वायर ओढली गेली असणार. महिपत पेटीच्या मागे हात घालून चाचपू लागला. “थांब गं,” म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं सुरुवात केली होती.

“ट. ग, फ. न, प, र…”

आवाज स्वच्छ, चाल ठरलेली, पाढे म्हणावेत तशी. महिपतचा हात वायरवर थांबला. त्याच्यापासून वीतभर अंतरावर काळी काच होती. तिच्यावरचा ट त्यालाही दिसत नव्हता. गोदूबाई चौथ्या ओळीवर गेली, पाचवी, सहावी. सातवी ओळ तिनं नेहमीप्रमाणे जरा सावकाश म्हटली, बारीक अक्षरांना माणूस जेवढा वेळ देईल तेवढा देऊन.

दाराशी काळुराम मोठ्यानं हसला. “आयला! वयनी, काळोखात वाचलंस की गो! महिपत, हिला नंबर नको, हिच्यावरच बाकीच्यांचे नंबर काढ!”

गोदूबाईलाही काय झालं ते कळलं नाही. तिनं डाव्या डोळ्यावरचा हात काढला, उजव्यावर ठेवला, आणि समोर बघितलं.

“अहो,” ती म्हणाली, “लाइट गेली का?”

महिपत तक्त्याला धरून उभा होता. त्या काचेवरून एकही कण निघाला नव्हता. वीस फुटांत कुठेही काही प्रवास करत नव्हतं. हे त्याच्याइतकं त्या गाळ्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

“हो,” तो म्हणाला. “गेली.”

त्यानं शटर वर केलं, काळुरामला पेढा दिला, आपट्याची पानं घेतली. रजिस्टर हळदकुंकवासकट उचलून खणात ठेवलं. ते उघडायची त्या दिवशी गरज पडली नाही.

मग एकेक गोष्ट त्याच्याकडे चालत आली, आणि प्रत्येक गोष्ट त्यानं आधी बघितलेलीच होती. साखरेचा डबा ओट्याच्या उजव्या कोपऱ्यातून डावीकडे कधी आला? चहाचा, मिठाचा, सगळेच डबे डावीकडे. त्याला वाटलं होतं, बायकांना अधूनमधून भांडी हलवायची हौस असते. उजवीकडून आलेली रिक्षा तिला अंगावर आल्यावरच कळायची, तेव्हा तो रिक्षावाल्यांवर ओरडला होता. रस्त्यानं चालताना ती कायम त्याला आपल्या उजव्या बाजूला घेऊन त्याचा दंड धरायला लागली होती, म्हणजे तिची न दिसणारी बाजू त्याच्याकडे राहायची. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको दंड धरून चालते, याचं त्याला मनातून बरं वाटलं होतं.

तक्ता फक्त समोरचं मोजतो. बाजूचं जग जात असतं आणि समोरची अक्षरं शेवटपर्यंत दिसत राहतात, काचबिंदूचं हे सगळ्यात वाईट, हेही तो गिऱ्हाइकांना सांगत असे. आजवर अकरा माणसांना त्यानं डोळ्यात टॉर्च मारून, दोन प्रश्न विचारून, ताबडतोब डॉक्टरकडे पिटाळलं होतं. अकराही जण अजून बघत होते. दिवाळीला त्यांतले तिघं फराळ पाठवायचे. प्रेशर तपासा ही पाटी गोदूबाईच्या डोक्यावर होती. तिला ती दिसणं शक्य नव्हतं. महिपतला रोज बारा वाजता दोन्ही एकदम दिसायच्या.

विनितानं डोंबिवलीच्या डॉ. कृतिका यांची वेळ घेतली. डॉक्टरीणबाई वयानं विनिताहून लहान, बोलायला भराभर. दोन तास यंत्रांवर बसवून झाल्यावर त्यांनी कागद समोर धरले. कागदावर दोन वर्तुळं होती. एक सगळं काळं. दुसऱ्याच्या मधोमध, भाकरीच्या मध्यभागी पापुद्रा सुटावा तेवढं पांढरं.

“उजवा पूर्ण गेलाय, काका. सात-आठ वर्षांपूर्वी सुरुवात झालेली असणार. डाव्याचं एवढंच उरलंय. हे आपण राखायचा प्रयत्न करू. गेलेलं परत येत नाही.”

“पडदा?” महिपतनं विचारलं.

“पडद्याला काही झालेलं नाही.”

“म्हणजे कण येतात?”

डॉक्टरीणबाईंनी विनिताकडे बघितलं. विनितानं मान खाली घातली. “फोटॉन,” ती हळूच म्हणाली. “बाबांना ते म्हणायचंय.”

“हां, हां. येतात की. उजव्या डोळ्यातही येतात. पडद्यावर पडतात, तिथलं जे काम आहे ते होतं.”

“रेणू सरळ होतो?”

आता त्यांनी कागद खाली ठेवला. “होतो, काका. पण पडद्यापासून मेंदूकडे निरोप नेणारी नस आहे ना, दहा-बारा लाख तारांची, ती वाळलीय. निरोप निघत नाही.”

महिपतच्या व्याख्यानात हे नव्हतं. त्याचं प्रकरण रेणू सरळ होण्यापाशी संपत होतं, पुढची पानं त्यानं कधी उलटलीच नव्हती. अर्ज वेळेत दाखल होतो, खिडकीवर शिक्काही बसतो, फक्त वरच्या मजल्यावर फाइल जात नाही. खालच्या माणसाला वाटतं काम झालं, वरच्याला वाटतं कुणी आलंच नाही. आणि सूर्यावरून आठ मिनिटं प्रवास करून आलेला तो कण, त्याच्याकडून तर काहीच कसूर झालेली नसते.

उठताना गोदूबाईनं डॉक्टरीणबाईंच्या दिशेनं तोंड केलं. “ह्यांचं काही चुकलं नाही ना?”

“नाही हो, मावशी. हे असं कळतच नाही लवकर.”

“तेच म्हटलं,” गोदूबाई म्हणाली आणि चपला शोधू लागली. चपला उजवीकडे होत्या.

मग डाव्या डोळ्याचं राज्य सुरू झालं. सकाळी सातला एक थेंब, संध्याकाळी सातला एक. ते महिपतच घाली. कॅलेंडरवर दोन-दोन फुल्या मारी. फेब्रुवारीत ऑपरेशन झालं, प्रेशर उतरलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. उन्हाळ्यात प्रेशर पुन्हा चढलं, पेढ्यांचा विषय कुणी काढला नाही. गाळ्यातलं व्याख्यान बंद पडलं होतं. चौकट चढवायची, काचा बदलायच्या, हे स्पष्ट की हे, आणि नंबर लिहून द्यायचा. गिऱ्हाइकांची काही तक्रार नव्हती. तक्रार फक्त काळुरामची होती.

“महिपत, तुजे कन कुठं गेले रं? बोल की जरा. करमत नाय.”

“येतात हो, काळूशेठ,” महिपत काच पुसत म्हणाला. “येतात ते.”

पुढच्या दोन दसऱ्यांना पूजा झाली, तपासणी झाली नाही. गोदूबाई घरीच थांबली. भवानी काळुरामच्या डोळ्यांनी झाली. त्याला तिसरी ओळसुद्धा आली नाही, आणि त्यानं तक्त्यालाच शिव्या दिल्या.

दुसऱ्या वर्षीच्या नवरात्रात विनिता दोघांना ठाण्याच्या टेंभी नाक्याला घेऊन गेली. देवीला गोदूबाई लग्नापासून एकही वर्ष चुकली नव्हती. लायटिंग एवढं, की भर गर्दीत सुई पडली तर सापडावी. तोवर डाव्या डोळ्यातली पांढरी जागा बांगडीएवढी राहिली होती, तीही लहान मुलीच्या. देवीपुढे उभी राहून ती मान सावकाश हलवत होती, वर, खाली, कडेला. मागून लोक ढकलत होते. “आजी, चला पुढे, लाइन अडकलीय!” कुणी पोरगा ओरडला.

“थांब रे बाबा,” ती मागे न बघता म्हणाली. “मी तिला जोडतेय.”

बाहेर आल्यावर महिपतनं विचारलं, “दिसली?”

“दिसली. आधी चेहरा बघितला, मग हात बघितले एकेक, मग वाघ. एका वेळी सगळी मावत नाही.” थोडं चालल्यावर ती म्हणाली, “हात मोजायचे दोन राहिले. ते पुढच्या वर्षी.”

पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीतली सकाळ. सात वाजले होते. पूर्वेची खिडकी, ऊन थेट गोदूबाईच्या तोंडावर. तिनं सवयीनं मान मागे टाकली होती. महिपतनं थेंब घातला, बाटलीचं बूच लावलं, आणि थांबला. एवढ्या उन्हात बाहुली लहान व्हायला हवी होती. तो उठला, दसऱ्याला पूजा होणारा टॉर्च आणला, तिच्या चेहऱ्यासमोर धरला आणि बटण दाबलं. उजेड सरळ आत गेला. बाहुली होती तेवढीच राहिली. तो तसाच टॉर्च धरून उभा राहिला. आत कण शिरत होते, कोट्यवधी, एकामागून एक, पडद्यावर आपटत असणार, रेणू सरळ होत असणार, पुन्हा वाकून पुढच्या कणाची वाट बघत असणार. त्या बाजूला सगळं सुरळीत चालू होतं.

“टॉर्च लावलात का?” गोदूबाईनं विचारलं.

त्यानं टॉर्च आणखी जवळ नेला. “दिसला?”

“टक्‌ आवाज आला.”

त्यानं टॉर्च विझवला. संध्याकाळी सात वाजता त्यानं नेहमीप्रमाणे थेंब घातला आणि कॅलेंडरवर फुली मारली. असं त्यानं बाटली संपेपर्यंत केलं.

अपंगत्वाचा दाखला काढून घ्यावा, हे विनितानं सुचवलं. सवलती असतात, पास मिळतो. अर्ज तिनंच भरला. जूनमध्ये ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणीची तारीख आली. खोलीत एक बाई तपासायला होत्या, नम्र, घाई नसलेल्या. महिपत आत शिरला आणि दारातच थबकला. समोरच्या भिंतीवर तक्ता होता. लाकडी पेटी, दुधी काच, वर एकटा ट. त्याच कारखान्याचा, तीच अक्षरं. ट्यूब मात्र झकास चालू.

गोदूबाईला स्टुलावर बसवलं. स्टूलही लोखंडीच होतं. बाईंनी तिचा हात घेऊन डाव्या डोळ्यावर ठेवला आणि बटण दाबलं. टक्‌.

ती बोलायला लागली तर सातही ओळी बिनचूक म्हणेल. ती म्हणाली, तर बाई लिहितील: उजवा सिक्स बाय सिक्स. आणि एका क्षणापुरतं महिपतला ते हवं होतं. तिनं म्हणावं. कुणीतरी ते शिक्क्यासकट लिहून द्यावं.

“सगळ्यात वर मोठं अक्षर आहे, मावशी. दिसतंय?”

“नाही.”

दिसतंय का, याला ‘नाही’ हा शब्द तीन वर्षांत घरात कुणी उच्चारला नव्हता. डबे सापडले नाहीत, पायरी चुकली, भाजीत केस आला, हे सगळं बोलून झालं होतं. हा शब्द पहिल्यांदा ठाण्याला निघाला, परक्या बाईसमोर.

“डाव्यानं?”

“नाही.”

“काहीच नाही? अंदाजे सांगा एखादं.”

“अंदाजे सगळी सांगता येतील, ताई,” गोदूबाई म्हणाली. “पण दिसत नाही.”

दाखला महिन्याभरानं आला. अंधत्व, शंभर टक्के, कायमस्वरूपी. ओळखखूण: हनुवटीवर गोंदणाचा ठिपका. महिपतनं तो चार वेळा वाचला. भाषा त्याच्या रजिस्टरपेक्षा साधी होती. ‘सबब’ कुठेच नव्हता.

२०२४ च्या खंडेनवमीला संध्याकाळी महिपत रजिस्टर घरी घेऊन आला. पुठ्ठा सुटला होता, तो चिकटवायचा होता. गोदूबाई जमिनीवर बसून झेंडूचं तोरण ओवत होती. सुई तिनं जिभेच्या टोकानं ओवली होती, फुलं ती हातानं मोजून लहान-मोठी लावत होती. चहाचे कप मध्ये तसेच पडले होते.

पानांचा आवाज तिनं ऐकला. “रजिस्टर आणलंत?”

“हो. खळ आहे का घरात?”

“फडताळात. खालच्या खणात, डावीकडे.” मग ती म्हणाली, “पंखा लावून घ्या.”

“पंखा कशाला? गार आहे.”

“शाई वाळायला. दर वर्षी लावता ना.”

महिपतचा हात खळीच्या डब्यावर राहिला.

“तुला कसं माहीत?”

गोदूबाईनं एक फूल ओवलं, दोऱ्यावरून सरकवलं. “दहा-अकरा वर्षं झाली असतील. उजव्यानं धुरकट वाटायला लागलं होतं. म्हटलं, दसरा आठवड्यावर आलाय, स्टुलावर बसले की सांगू ह्यांना. तर आदल्या संध्याकाळी तुम्ही फुलं आणायला खाली गेलात. टेबलावर वही उघडी, वर पंखा चालू. मी वाचलं.”

“काय वाचलंस?”

“काय म्हणजे? उजवा सिक्स बाय सिक्स, डावा सिक्स बाय सिक्स. शेरा उत्तम.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती, तर महिपतला काही उत्तर देता आलं असतं. “इतकं नीट अक्षर. खाली सही. म्हटलं, ह्यांनी लिहिलंय म्हणजे असेल.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी पण लिहिलेलंच होतं, अहो.” तिनं हातानं जमीन चाचपली. “एक मोठं फूल द्या बघू. मधलं.”

महिपतनं फूल तिच्या हातात दिलं. मग त्यानं मागची पानं उघडली आणि शेवटच्या नोंदीवर बोट ठेवलं. शाई अजून निळीभोर होती. विजयादशमीच्या सुमुहूर्तावर. समक्ष तपासणी केली असता.

नोंदीखाली तारीख पंधरा ऑक्टोबर आहे. ती चौदा ऑक्टोबरला, संध्याकाळच्या चहानंतर लिहिलेली आहे.